दाढेचा कोपरा तुटलाय, पण डॉक्टरांच्या खुर्चीत बसायचं धाडस होत नाही

केतकी_को

नमस्कार मंडळी. खालची डावीकडची शेवटून दुसरी दाढ. त्यात जुनं सिमेंट भरलेलं होतं, त्याच्या कडेनं दाढेचा आतला कोपरा ढासळला. सारखं दुखत नाही. गार पाणी लागलं की सणक जाते आणि लगेच थांबते. पण तुटलेली कड धारदार आहे, बोलताना जीभ सोलवटून निघतेय.

खरी अडचण पुढची आहे. मला दाताच्या दवाखान्याची भयंकर भीती वाटते. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, गल्लोगल्ली दवाखाने आहेत, पण जिन्यापर्यंत जाते आणि पाय उचलत नाही. लहानपणी एका ठिकाणी भूल पुरती चढायच्या आत पक्कड लावली होती आणि दोघांनी माझे हात धरून ठेवले होते. तेव्हापासून तो लवंगेसारखा वास आला, मशीनचा आवाज कानावर पडला की तळहात ओले होतात. घरचे म्हणतात, एवढी मोठी झालीस, दोन पोरांची आई आणि दाताला काय घाबरतेस. त्यानं भीती कमी होत नाही, सांगायची सोय तेवढी जाते.

कुणी अशी भीती घेऊन उपचार करून घेतलेत का? नेमकं काय केलंत? आणि दुखत नसेल तर थोडं थांबलं तर चालेल का?

मावशी_गंगावेस

केतकी बाळ, आधी लवंगेच्या तेलाचा बोळा धर दाढेत. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भर. आमच्याकडं दाढ दुखली की मिश्री दाबून ठेवायची, घटकाभरात बधिर व्हायची. आईनं जन्मभर तेच केलं, मीही करते. दवाखान्याची गोष्ट म्हणशील तर वरचा दात काढला की नजर जाते म्हणतात, म्हणून आमच्या घरात कुणी त्या वाटेला गेलं नाही.

कागलकर

दुखत नाही तर हात कशाला लावायचा? एकदा खुर्चीत बसलं की रूट कॅनॉल आणि कॅप गळ्यात पडतेच. ठणकायला लागलं तर पाच दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स घ्या, बसतं. माझी दाढ दोनदा अशीच बसली. आता तर वर्ष झालं, अजिबात दुखत नाही.

खासबाग

ताई, भिऊ नका आसं मी म्हणणार न्हाई. ज्याला भ्या वाटतंय त्याला ते सांगून जात न्हाई. माझं वायलंच हाय. मशीनच्या आवाजाचं काय वाटत न्हाई, सुई बघितली की डोळ्यापुढं अंधारी येती आन् घाम फुटतो. तालमीतला गडी, लोकांना खरं वाटत न्हाई. पण एका डॉक्टर बाईंना मी दारातच सांगितलं, "मॅडम, मी पडतो." त्यांनी खुर्ची पार आडवी केली, पाय वर, आन् मगच इंजेक्शन. पडलो न्हाई. तवा पयलं काम ह्येच, जाऊन आधी सांगायचं.

दंतवैद्य_इचल

केतकी, मी इचलकरंजीत प्रॅक्टिस करते. तुमची लक्षणं आधी घेते, भीतीचं त्यानंतर. लक्षणं कळली की थोडा धीर येईल.

गार लागल्यावर सणक येते आणि लगेच जाते, म्हणजे दाढेतली नस बहुतेक अजून शाबूत आहे. वरचं एनॅमल तुटलं की आतलं डेन्टिन उघडं पडतं. त्यात अतिशय बारीक नळ्या असतात, त्यांतून गार-आंबट आत पोचतं. हीच कळ गरम चहानं यायला लागली, घोट गिळल्यावरही ठणकत राहिली, किंवा काही न खाता-पिता रात्री झोपेतून उठवायला लागली, तर नस सुजली असं समजा. नस चारी बाजूंनी कडक भिंतींत कोंडलेली असते, तिला फुगायला जागा नाही. आडवं झालं की तिथला रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दाढ रात्री जास्त ठणकते.

मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो. कागलकर, तुम्ही लिहिलंय ते वाचून म्हणूनच काळजी वाटली. पुष्कळदा त्या वेळी दाढ बरी झालेली नसते, नस मेलेली असते. गोळ्यांनी आजूबाजूची सूज ओसरते, पण मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच उरत नाही, तिथं औषध पोचणार कसं? जंतू आत राहतात आणि मुळाच्या टोकाशी हाड पोखरत बसतात. एक एक्स-रे काढून घ्याच.

आता भीतीचं. भुलीचं इंजेक्शन शांत दाढेवर चांगलं चालतं. नस पेटलेली असेल तर तेच औषध कमी पडतं, कारण सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि औषध नसेत नीट शिरत नाही. खालच्या दाढांना हे फार जाणवतं. मग जादा इंजेक्शनं द्यावी लागतात, वेळ लागतो, कधी थोडं दुखतंही. म्हणजे जो माणूस दुखायच्या भीतीनं थांबतो, त्याच्याच वाट्याला सगळ्यात दुखरी भेट येते आणि त्याची भीती दुप्पट होते. मी हे इतक्या लोकांच्या बाबतीत पाहिलंय की कुणी "दुखत नाही म्हणून थांबू का" असं विचारलं की मला राहवत नाही. तुम्ही आत्ता ज्या टप्प्यावर आहात तोच सगळ्यात सोपा आहे. भीती घेऊनच जा, ती जायची वाट बघू नका.

तोवर धारदार कडेवर मेण लावा. दातांना तारा लावलेल्यांसाठी मेणाच्या कांड्या मिळतात, औषधाच्या दुकानात विचारा. त्या बाजूनं चावू नका. भडंग, चणे, नळी, ऊस सध्या बंद.

केतकी_को

डॉक्टर, मनापासून आभार. वाचून धीर आला आणि धाकधूकही वाढली, दोन्ही खरं. पण भूल न चढताच सुरू केलं तर? माझं सगळं तिथंच अडतं.

आजरा_घनसाळ

केतकीताई, आमच्या मिस्टरांचं सांगते. ते कधीच भीती वाटते म्हणाले नाहीत. "एवढे पैसे कुठं घालायचे" हेच कायम. दाढेला खड्डा पडला, गाल सुजला, तरी तेच. शेवटी मी त्यांना पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयात नेलं. हायवेनं वाठारपर्यंत जायचं आणि वारणेच्या रस्त्याला वळायचं. शिकणारी मुलं काम करतात, शेजारी त्यांचे सर उभे असतात. वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात, पण खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. पैशाचा प्रश्न सुटला तरी हे गाडीतून उतरेनात. तेव्हा मला कळलं की अडचण पैशाची नव्हती. गाडीतच बसून राहिलो, मी काही बोलले नाही, आणि मग ते आपणहून उतरले.

त्या मुलीनं प्रत्येक हत्यार हातात घेऊन आधी दाखवलं, हे कशाचं, यानं काय वाटेल. घाईत असलेल्या मोठ्या डॉक्टरकडे एवढा वेळ मिळाला असता असं मला वाटत नाही. ज्यांना भीती वाटते त्यांनी कॉलेजचा विचार जरूर करावा.

दंतवैद्य_इचल

आजरा, अगदी बरोबर. शिकणाऱ्या मुलांना घाई नसते, हा घाबरलेल्या पेशंटसाठी मोठा फायदा आहे. शहरात सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयातही, दंतविभाग आहे.

केतकी, तुमची भीती रास्त आहे. तुमच्या बाबतीत ते एकदा घडलेलं आहे, हे मनाचे खेळ नव्हेत. म्हणून भूल चढली की नाही हे कसं ओळखायचं ते सांगते. ही तपासणी तुमच्या हातात आहे.

आधी हिरडीवर जेल किंवा स्प्रे. तो मिनिट-दोन मिनिटं राहू द्यायला सांगा, लगेच सुई नको. त्यानं सुईची टोच बरीच बोथट होते. खालच्या दाढेसाठी इंजेक्शन जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. औषध सावकाश सोडलं तर कमी दुखतं, हेही सांगून ठेवा. पाचेक मिनिटांत त्या बाजूचा अर्धा ओठ जड, सुजल्यासारखा वाटायला हवा. ओठ अगदी मध्यापर्यंत बधिर झाला नसेल तर हात लावू द्यायचा नाही. मग डॉक्टर टोकदार सळईनं हिरडी टोचून बघतात, आणि दाढेवर गार फवारलेला बोळा धरतात. त्या गारव्याची सणक आली नाही तर पुढे जायचं.

इथं दोन गोष्टी माहीत असाव्यात. भुलीच्या औषधात, म्हणजे लिग्नोकेनमध्ये, बहुतेक वेळा थोडं ॲड्रेनालिन असतं. त्यानं भूल जास्त वेळ टिकते, पण मिनिटभर छाती धडधडू शकते, हात थरथरतात. घाबरलेल्या माणसाला वाटतं आता काहीतरी होणार, आणि "मला भुलीचं इंजेक्शन सोसत नाही" हे कायमचं मनात बसतं. ती धडधड आपोआप निवते. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर मात्र आधी सांगाच. दुसरं असं की भुलीनं दुखणं थांबतं, दाब आणि थरथर जाणवतेच. "काहीतरी जाणवतंय" आणि "दुखतंय" यांतला फरक आधीच ठाऊक असला की निम्मी दचक जाते. दुखलं तर दुखलं म्हणा, सहन करायचं नाही.

आणि डावा हात वर केला की थांबायचं, हे आधीच ठरवून घ्या. जो डॉक्टर याला हसेल त्याच्याकडे दाढ देऊ नका.

खासबाग

मॅडम, माझ्यासारख्या पडणाऱ्यांसाठी काय?

दंतवैद्य_इचल

तुमचा प्रकार वेगळा आहे. नुसत्या भीतीत रक्तदाब चढतो, सुई बघून चक्कर येणाऱ्यांचा एकाएकी उतरतो. म्हणून "अंग सैल सोडा" हा सल्ला तुम्हाला उलटा पडतो. सुईच्या आधी मांड्या, पोटऱ्या, पोट, मुठी घट्ट आवळा, चेहऱ्याला ऊब आल्यासारखं वाटलं की थोडं सैल करा, पुन्हा आवळा. आडवं राहा. उपाशीपोटी जाऊ नका. आणि सुईकडे बघायचं नाही.

कागलकर

डॉक्टर, बोललात ते पटलं, पण माझा मुद्दा राहतोच. गरज नसताना रूट कॅनॉल करतात हे खोटं का? सामान्य माणसाला कळणार कसं?

दंतवैद्य_इचल

खोटं आहे असं मी म्हणणार नाही. विचारायची लाज बाळगू नका. एक्स-रे पडद्यावर दाखवायला सांगा. त्यात कीड काळसर दिसते, ती नसेच्या पोकळीपर्यंत गेलीय की नाही हे तुम्हालाही दिसेल, मुळाच्या टोकाशी डाग आहे का तेही. गार-गरम तपासून पाहिलं का, टिचकी मारून पाहिली का, हे विचारा. रूट कॅनॉल करायचा नसेल तर दुसरा पर्याय काय आणि खर्चाचा अंदाज किती, हे कागदावर लिहून घ्या. घरी या, विचार करा, हवं तर दुसऱ्याला दाखवा. जिथं "आत्ताच बसा, नाहीतर उद्या वाढेल" अशी घाई होते, तिथं गाल सुजलेला नसेल तर उठून यायला हरकत नाही. दाखल्याचं म्हणाल तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहा. कायद्यानं नोंदणीशिवाय दातांवर उपचार करता येत नाहीत. रस्त्याकडेला बसून बत्तीशी विकणाऱ्यांकडे तर अजिबात नको.

थांबायचं नाही अशी वेळ एकच. गालाची सूज वाढून डोळ्याकडे किंवा जबड्याखाली उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जायचं. तिथं भीतीचा विचार करत बसायचं नाही.

मावशी_गंगावेस

आणि नजरेचं काय हो? खरं सांगा.

दंतवैद्य_इचल

मावशी, वरच्या दाताची नस आणि डोळ्यानं दिसायची नस या दोन वेगळ्या. दात काढल्यानं नजर जात नाही. दात काढायची वेळ आणि चष्मा लागायची, मोतीबिंदू व्हायची वेळ एकाच वयात येते, म्हणून लोकांनी एकाचं खापर दुसऱ्यावर फोडलं असावं.

लवंगेच्या तेलानं तात्पुरतं बधिर होतं, तुमचं बरोबर आहे. त्यातलं युजेनॉल आम्हीही सिमेंटात वापरतो, केतकीला दवाखान्यात येतो तो वास त्याचाच. फक्त एखादा थेंब बोळ्यावर, तोही दाढेच्या खड्ड्यात. हिरडीवर ओतलं तर भाजतं. डोकेदुखीची गोळी दाढेपाशी दाबून ठेवतात तीही नको, गालाचं आतलं कातडं पांढरं पडून सोलतं.

मिश्रीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायला हवं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आपल्या भागात बायका ती दात घासायला म्हणून सुरू करतात आणि दिवसातून कितीदा तरी लावतात. दुखणं दबतं, पण तोंडाच्या कर्करोगाची ती एक वाट आहे. तुम्ही लावता असं लिहिलंत म्हणून विचारते. ओठाच्या आत, गालात कुठं पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं असं काही आहे का?

केतकी_को

मंडळी, जाऊन आले.

पहिल्या दिवशी फोनवरच सांगितलं की मला फक्त बोलायचं आहे, हत्यार लावायचं नाही. सकाळची पहिली वेळ मागितली, म्हणजे बाहेर बसून दुसऱ्याचं मशीन ऐकायला नको. डॉक्टरांनी टेबलाशी, साध्या खुर्चीत बसवलं. लहानपणचं सगळं सांगितलं. त्यांनी "तेव्हा चुकलं" एवढंच म्हटलं, आणि मला रडू आलं. मग आरसा आणि एक्स-रे, बस्स. कीड नसेपासून लांब आहे. जुनं सिमेंट काढून नवीन भरायचं, भिंत टिकणार नाही असं वाटलं तर कॅप.

दुसऱ्या भेटीला भावजय बरोबर आली. जेलची चव कडवट, जीभ लगेच जाडी झाली. सुईच्या वेळी डॉक्टर गाल हलकेच हलवत होत्या, टोच कळली पण टिकली नाही. छाती धडधडली तेव्हा ॲड्रेनालिन आठवलं आणि मी मनात मोजत राहिले. मग मी स्वतः बोटानं ओठ दाबून बघितला, मध्यापर्यंत लाकूड. तरी गारव्याचा बोळा लावल्यावर हलकी सणक आली. मी हात वर केला. त्या लगेच थांबल्या, अजून थोडं औषध दिलं आणि वाट बघितली. त्या थांबल्या, याच्यापुढं मला कशाचंच काही वाटलं नाही. मशीनचा आवाज होता तसाच आहे, हाताला घामही आला. पण दुखलं नाही. कानात मोबाइलवर कीर्तन लावलं होतं, त्यानं आवाज बराच दबला.

संध्याकाळपर्यंत ओठ बधिर होता. गाल चावला जाईल म्हणून जेवू नका असं सांगितलं होतं, तेव्हा नुसती आंबील प्यायले.

आजरा_घनसाळ

वा केतकीताई! डोळ्यात पाणी आलं वाचून.

कागलकर

अभिनंदन. मीही एक्स-रे काढला. मुळाशी काळा डाग आहे, इथल्या डॉक्टर म्हणाल्या तसाच. तिथले डॉक्टर दाढ वाचेल म्हणतात, रूट कॅनॉल सुरू केला. मेलेल्या नसेला भूल कशाला असं वाटत होतं, पण त्यांनी दिली आणि काहीच कळलं नाही. तोंडावर तो रबराचा पडदा लावतात त्यानं आधी गुदमरल्यासारखं झालं. नाकानं श्वास घेत राहिलं की जमतं, आणि औषधाचं पाणी घशात जात नाही.

दंतवैद्य_इचल

कागलकर, छान केलंत. रूट कॅनॉल झाल्यावर दुखायचं थांबलं म्हणून कॅप टाळू नका. आत कोरलेली दाढ चावताना उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली तर ती काढावीच लागते. ज्यांचा उपचार वाया जातो त्यांतले पुष्कळ जण इथंच थांबलेले असतात.

केतकी, भूल उतरल्यावर चावताना दाढ उंच लागतेय असं वाटलं तर तसं सांगा. घासून दोन मिनिटांत बरोबर करता येतं, त्याला इंजेक्शन लागत नाही.

मावशी_गंगावेस

डॉक्टर, तुम्ही विचारलं होतं. तेव्हा लिहायला जमलं नाही. खालच्या ओठाच्या आत, मिश्री धरते तिथंच, पांढरं झालंय. खरबरीत लागतं जिभेला. दुखत नाही म्हणून कुणाला बोलले नाही.

दंतवैद्य_इचल

मावशी, सांगितलंत हे फार बरं केलंत. असा प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. बरेचसे मिश्री सोडल्यावर कमी होतात. पण नुसतं बघून नक्की सांगता येत नाही, हात लावून तपासावं लागतं, गरज पडली तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तोही भूल देऊन. या आठवड्यात दाखवा. तुम्हाला सीपीआर जवळ आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. मिश्री आजपासून बंद. जमलं नाही तर तेही तिथं सांगा, त्यालाही मदत मिळते.

मावशी_गंगावेस

एकटीला जायला भ्या वाटतं गं. लेक पुण्यात, सून नोकरीला.

केतकी_को

मावशी, मी येते. राजारामपुरीतून गंगावेस काही लांब नाही, गाडीवरून दहा-पंधरा मिनिटांत पोचते. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, त्यात माझा नंबर आहे. सोमवारी सकाळी चालेल?

मावशी_गंगावेस

सोमवारी उपास असतो माझा. मंगळवारी ये, चहा घेऊन निघू.

दंतवैद्य_इचल

मावशी, चहाबरोबर काहीतरी खाऊन निघा. साखरेच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं पिशवीत टाका. गोळी स्वतःहून बंद करू नका. काय सांगितलं ते इथं लिहा, मी बघते.